डाईव्ह लाइट: एचआयडीचा बल्ब गेला, आता एलईडीच की अजून काही?

खोलपाणी

मंडळी, शेवटी तो दिवस आला. माझ्या २१ वॅटच्या एचआयडी (तारेऐवजी वायूतल्या विजेवर उजळणाऱ्या) दिव्याचा बल्ब परवा गेला. पाण्यात नाही, घरी टेबलावर. हँडल पुसत होतो, हातातून निसटलं, पडलं तेही वीतभर उंचीवरून, आणि आतून काचेचा बारीक किणकिणाट आला. एचआयडी वापरलेल्यांना तो आवाज ओळखीचा असेल.

कॅनिस्टर, म्हणजे कमरेचा बॅटरीचा डबा, ठणठणीत आहे. केबल चांगली आहे, लिथियम-आयन बॅटरी दोनच वर्षांपूर्वी बदलली. आता नवा बल्ब शोधू, त्याच कॅनिस्टरवर एलईडीचं हेड (हातात धरायचा दिव्याचा भाग) बसवू, की सगळंच अडगळीत टाकून हातात मावणारा एलईडी टॉर्च घेऊ? माझे निम्मे डाईव्ह रात्रीचे असतात, बाकीचे बुडालेल्या जहाजांवर, अधूनमधून एखादी गुहा. हल्ली थोडं व्हिडिओचंही वेड लागलंय.

मनात एक किंतू आहे. एलईडीच्या खोक्यावर ल्युमेनचे आकडे भरमसाठ असतात. पण गेल्या वर्षी माझ्या बडीचा (डाईव्हमधल्या जोडीदाराचा) तिप्पट ल्युमेनचा एलईडी आणि माझा म्हातारा एचआयडी शेजारी शेजारी लावले, तर जहाजाच्या तळघरात लांबची भिंत माझ्या दिव्याने दिसत होती, त्याच्या नाही. हा डोळ्यांचा भ्रम की खरंच काही आहे त्यात?


कातळ

एलईडी घ्या. विषय संपला.


मीनमेख

विषय संपला असता तर धागा कशाला निघाला असता, कातळराव? आणि 'एलईडी' ही काही एक वस्तू नाही. किल्लीला लटकवायचा दिवाही एलईडीच आणि सिनेमावाल्यांचा पंधरा हजार ल्युमेनवाला डबाही एलईडीच. नुसतं 'गाडी घ्या' म्हणण्यासारखं झालं हे.


अंधारयात्री

मी हॅलोजनच्या काळात गुहेत उतरायला लागलो, त्यामुळे जरा पाल्हाळ लावणार. सांभाळून घ्या.

तेव्हा मोठा दिवा म्हणजे ५० वॅटचा हॅलोजन. हॅलोजन हा शेवटी टंगस्टनच्या तारेचाच बल्ब. आत थोडा ब्रोमीन किंवा आयोडीन असतो, तो तारेवरून उडालेलं टंगस्टन परत तारेवर नेऊन सोडतो. म्हणून तार जास्त तापवता येते आणि काच काळी पडत नाही. तरीही वॅटमागे २० ल्युमेन मिळाले तर नशीब. म्हणजे हजार ल्युमेनला ५० वॅट. दोन तास चालवायचा तर १०० वॅट-तास, आणि शिशाच्या बॅटरीत किलोमागे फार तर तीस-पस्तीस वॅट-तास. म्हणजे तीन किलोचं धूड कमरेला बांधून जायचं. आज तेवढाच प्रकाश एलईडी १० वॅटमध्ये देतो. दोन तासांचे २० वॅट-तास झाले, ते १८६५० मापाच्या दोन सेलमध्ये मावतात आणि दोन्हींचं वजन मिळून १०० ग्रॅमच्या आत. हॅलोजन सोडल्यावर माझा तोल असा बिघडला की वेट बेल्टला शिसं वाढवावं लागलं. बॅटरीतलं शिसं गेलं, पट्ट्यावर आलं.

मधल्या काळात एचआयडी आला आणि आम्ही अक्षरशः नाचलो. त्यात तार नाहीच. दोन टोकांच्या मधल्या वायूतून आणि धातूंच्या क्षारांच्या वाफेतून वीज धावते. वॅटमागे सत्तर-ऐंशी ल्युमेन, रंग निळसर पांढरा आणि झोत सुईसारखा. पण नखरे अनेक. तो विजेचा आर्क पेटवायला बॅलास्टला (बल्बला वीज पुरवणाऱ्या सर्किटला) हजारो व्होल्टचा झटका द्यावा लागतो, पूर्ण तेज यायला कित्येक सेकंद जातात, आणि गरम असताना विझला की निवल्याशिवाय पुन्हा पेटत नाही. त्यामुळे पाण्यात आम्ही दिवा बंदच करत नसू. कोणाच्या डोळ्यांवर झोत जायला नको असला की हेड छातीशी दाबून धरायचं. ती सवय अजून गेली नाही. एलईडी हातात असूनही मी बटणाकडे बोट नेत नाही.

खोलपाणी, तुमच्या किंतूबद्दल सोल्डरराव नीट सांगतील, पण माझा अनुभव तुमच्यासारखाच. पहिल्या काही वर्षांतले एलईडी दिवे जवळ लख्ख आणि लांब आंधळे होते.


सोल्डरराव

हाक आली म्हणजे यावं लागतं.

खोलपाणी, डोळ्यांनी फसवलेलं नाही तुम्हाला. ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण प्रकाश, मग तो कुठेही सांडो. एका दिशेला तो किती दाट जातो ते कँडेलात मोजतात. बादलीभर पाणी अंगणात ओतणं आणि तेच पिचकारीतून मारणं यातला फरक. तुमच्या बडीकडे बादली मोठी होती, तुमच्याकडे पिचकारी होती.

पिचकारी किती बारीक होईल हे दोन गोष्टींवर ठरतं: प्रकाशाचा उगम किती लहान आणि किती तळपता, आणि रिफ्लेक्टर त्या मानाने किती मोठा. लहान एचआयडीतला आर्क मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा. जवळजवळ बिंदूच. त्याच्यामागे तळहाताएवढा रिफ्लेक्टर आला की सहा-सात अंशांचा झोत सहज निघतो. सुरुवातीच्या एलईडीवाल्यांनी ल्युमेन वाढवायला काय केलं? चिपा वाढवल्या. तीन-चार चिपा शेजारी मांडल्या की उगम पसरट झाला. मग रिफ्लेक्टर कितीही घासूनपुसून लावा, झोत फुगणारच. हे भूमितीचं बंधन आहे, पैसे ओतून सुटत नाही.

चित्र बदललं ते एकाच चिपेत जास्त दम आल्यावर. २०१० च्या अखेरीस क्री कंपनीने एक्सएम-एल नावाचा एलईडी आणला. सुमारे २ मिलिमीटर बाजूची एकच चिप, १० वॅटला हजार ल्युमेन. तिथून एचआयडीचे दिवस भरले. आता तर मुद्दाम लहान, प्रखर चिपा मिळतात, खास अरुंद झोतासाठी. त्यांचे ल्युमेन कमी असतात आणि खोक्यावर आकडा किरकोळ दिसतो म्हणून लोक त्या घेत नाहीत. पाण्यात त्याच लांब मारतात.

खोक्यावर कँडेला छापलेले असतील तर ते वाचा. टॉर्चसाठी एफएल१ नावाचं मोजमापाचं प्रमाण आहे, २००९ पासून. त्यात 'बीम डिस्टन्स' म्हणजे प्रकाश ०.२५ लक्सवर, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, उतरतो ते अंतर. ते हवेतलं असतं, पाण्यात त्याला अर्थ नाही. पण दोन दिवे एकमेकांशी ताडून बघायला चालतं. 'रनटाइम' मात्र डोळे उघडे ठेवून वाचा. प्रकाश सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ त्यात धरतात. चार तास लिहिलेला दिवा पहिल्या तासानंतर काजवा झाला तरी कागदावर चारच तास.


नवखी_मासोळी

मी आत्ताच अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स संपवलाय, त्यामुळे प्रश्न बाळबोध असेल. एलईडी गरम होत नाही असं सगळीकडे वाचलं. मग माझ्या टॉर्चवर 'पाण्याबाहेर जास्त वेळ लावू नका' असं का लिहिलंय?


सोल्डरराव

बाळबोध अजिबात नाही, उलट बऱ्याच अनुभवी लोकांना हे माहीत नसतं. एलईडीही तापतो. दिलेल्या विजेतली निम्मी किंवा त्याहून जास्त आजही उष्णतेतच जाते. फरक असा की हॅलोजन आपली उष्णता झोताबरोबर अवरक्त किरणांच्या रूपात पुढे फेकून मोकळा होतो. एलईडीच्या झोतात उष्णता जवळजवळ नसते, ती सगळी चिपेच्या बुडाशी साचते. तिथून ती अ‍ॅल्युमिनियमच्या अंगातून बाहेर गेली पाहिजे. पाणी ती क्षणात ओढून घेतं, हवेला ते जमत नाही. डाईव्हचे दिवे पाणी भोवती असणार हे धरूनच बनवलेले असतात. बऱ्या दिव्यात तापमान बघून प्रकाश आपोआप कमी होतो, वाईट दिव्यात चिप करपते.

म्हणून बॅगेत चुकून चालू होणं फार वाईट. विमानात नेताना तर बॅटरी किंवा हेड सुटंच ठेवावं लागतं, आयएटीएच्या (विमान कंपन्यांच्या संघटनेच्या) नियमांत पाणबुड्यांच्या दिव्यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. सुटे लिथियम सेल केबिनमध्ये, टोकांना टेप लावून. १०० वॅट-तासापर्यंत सहसा अडचण नाही, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी आणि दोनच नग. खोलपाणी, तुमच्या कॅनिस्टरवर आकडा बघा. १६० च्या वर असेल तर विमानाने न्यायचं विसरा.


टंगस्टनकाका

वाचतोय. हॅलोजनच्या नावाने एवढी बोटं मोडून झालीत, आता माझंही ऐका.

हॅलोजन मरताना सांगून मरायचा. बॅटरी उतरली की प्रकाश पिवळा पडायचा, मग नारिंगी, मग लालसर निखारा. वीस मिनिटं आधी कळायचं की परतायला हवं. तुमचा एलईडी शेवटच्या मिनिटापर्यंत ऐटीत उभा आणि मग एकदम गुल. माझ्याबरोबर हे दोनदा झालंय. दोन्ही वेळा बारा मीटरवर, रात्री. बॅकअप होता म्हणून निभावलं.

आणि हॅलोजनचा रंग! त्यात माशाचा लाल लालच दिसतो. एलईडीत सगळे मासे आजारी दिसतात.


मीनमेख

काका, पहिला मुद्दा मान्य, दुसरा निम्माच. आजचा बरा एलईडी तसा दिसत नाही. आणि हॅलोजनमधला लाल रंग पाण्यातून पुढे जातो कुठे? अवरक्त तर वीतभरातच पाणी गिळतं. म्हणजे तुमच्या ५० वॅटमधले बहुतेक वॅट समुद्र कोमट करण्यात जातात.


सोल्डरराव

काकांच्या पहिल्या मुद्द्यावर. त्यात दोष चिपेचा नाही, ड्रायव्हरचा, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटचा आहे. बॅटरीचा व्होल्टेज उतरत असताना प्रवाह कायम ठेवणारा ड्रायव्हर असला की प्रकाश सपाट राहतो आणि शेवटी कड्यावरून पडल्यासारखा खाली येतो. चांगल्या दिव्यात सेल संपत आला की ड्रायव्हर आधी लुकलुकून इशारा देतो, मग हळू मोडवर जातो आणि त्यावर आणखी बराच वेळ चालतो. स्वस्तात हे नसतं. तिथे सेलमधलं संरक्षक सर्किट थेट वीज तोडतं, तेच 'गुल'. म्हणून 'किती ल्युमेन' याच्या आधी 'संपताना कसा वागतो' हे विचारा, आणि घरी एकदा बादलीत बुडवून पूर्ण संपेपर्यंत घड्याळ लावून बघा. मी प्रत्येक नव्या दिव्याचं हे करतो. रविवार जातो, पण त्या दिव्याचा स्वभाव कळतो.


अंधारयात्री

बादलीच्या प्रयोगाला +१.

आणि दिवा सांगून जावो की न सांगता, गुहेत माणशी किमान तीन दिवे असतात ते याचसाठी. एक मुख्य, दोन राखीव. मुख्य गेला की डाईव्ह संपली, राखीव लावून बाहेर. हॅलोजनच्या काळात राखीव दिवे इतके मिणमिणते असायचे की त्यांच्यावर बाहेर येणं ही शिक्षा होती. आज माझा राखीव एलईडी माझ्या पहिल्या मुख्य दिव्यापेक्षा लख्ख आहे. खरी क्रांती इथे झाली असं मी मानतो. मुख्य दिव्यांबद्दल लोक तावातावाने भांडतात, पण जीव वाचवणारा बदल राखीव दिव्यात झाला.

अरुंद झोताबद्दलही सांगतो, कारण नवे लोक 'एवढासा ठिपका कशाला' म्हणतात. तो ठिपका आमची भाषा आहे. भिंतीवर सावकाश गोल फिरवला की 'ठीक आहे', आडवा संथ हलवला की 'लक्ष दे', भराभर आडवा हलला की 'संकट'. शंभर अंशांचा दिवा घेऊन आलेल्या बडीला ना हे बोलता येतं, ना माझा ठिपका त्याच्या उजेडात दिसतो.


रंगारी

उशिरा आले, पण रंगाचा विषय निघालाय तर बोलल्याशिवाय राहवत नाही.

मीनमेख बरोबर आहेत, पण लालचा हिशेब अंतरावर आहे. शुद्ध पाण्यात ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश मीटरमागे साधारण तीस टक्के गळतो. दिव्यापासून मासा एक मीटरवर असेल तर प्रकाश एक मीटर जातो आणि एक मीटर परत येतो, म्हणजे लालचा निम्माच भाग कॅमेऱ्यात पोचतो. मासा तीन मीटरवर नेलात तर आठवा हिस्सा. ४५० चा निळा त्याच दोन मीटरांत दोनच टक्के गळतो. म्हणून हातभर अंतरावर काकांच्या हॅलोजनमध्ये मासा देखणा दिसतो आणि पाच मीटरवर कुठल्याही दिव्यात निळाच. समुद्राशी वाद घालून उपयोग नाही, जवळ जा.

'आजारी मासे' मात्र खरे होते. पांढरा एलईडी मुळात निळा असतो, त्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप. या निळ्या एलईडीसाठीच २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना मिळालं. स्वस्त, थंड पांढऱ्या एलईडीत गडद लाल जवळपास नसतोच. त्यासाठी सीआरआय, म्हणजे दिव्यात रंग किती खरे दिसतात याचा आकडा, बघतात, पण तिथेही गोम आहे. सीआरआय हा आठ फिकट रंगांची सरासरी असतो आणि गडद लाल, ज्याला आर९ म्हणतात, त्या आठांत नाही. सीआरआय ८० छापलेल्या दिव्याचा आर९ शून्याच्या आसपास असू शकतो. प्रवाळ आणि लाल मासे चित्रित करायचे तर सीआरआय ९० च्या वर आणि आर९ वेगळा छापलेला बघा. असा दिवा त्याच वॅटला ल्युमेन कमी देतो. लाल प्रकाशाला आपला डोळा कमी दाद देतो, ल्युमेनमध्ये म्हणून तो कमी मोजला जातो. माझ्या मते तो तोटा खुशाल सोसावा.

खोलपाणी, व्हिडिओसाठी वेगळाच दिवा लागेल हे आधीच मनाशी ठरवा. गुहेचा सहा अंशांचा झोत कॅमेऱ्यात पांढरा भगभगीत ठिपका आणि बाजूला काळोख एवढंच दाखवतो. व्हिडिओला रुंद आणि सपाट उजेड हवा. रुंदीच्या आकड्यातही फसगत होते. सपाट काचेचा दिवा हवेत १२० अंश असेल तर पाण्यात तो जेमतेम ८० उरतो, कारण दिव्यातल्या हवेतून काचेवाटे पाण्यात शिरताना किरण आत वळतात. घुमटाकार काचेचा दिवा तेवढा आक्रसत नाही. खोक्यावरचा आकडा हवेतला की पाण्यातला, विचारा. मी विचारलं नव्हतं, आणि वाइड लेन्सच्या चारही कोपऱ्यांत अंधार घेऊन परत आले.

आणखी एक, दिवा मंद केल्यावर चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसले तर समजा की ड्रायव्हर एलईडीला झपाट्याने चालू-बंद करून मंदपणाचा आभास आणतोय. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. दुकानातच मोबाइलचा कॅमेरा रोखून तपासता येतं.


नवखी_मासोळी

रंगारीताई, मला वाटायचं जितका जास्त उजेड तितकं जास्त दिसणार. पण मागच्या रात्रीच्या डाईव्हला पाणी गढूळ होतं आणि टॉर्च फुल केला तर समोर नुसतं धुकं. मंद केल्यावर उलट बरं दिसलं. असं का?


रंगारी

पाण्यात तरंगणारा प्रत्येक कण तुमचाच प्रकाश तुमच्याकडे परत फेकतो. धुक्यात गाडीचे मोठे दिवे लावल्यावर होतं तेच. अशा पाण्यात रुंद दिवा घात करतो. अरुंद झोत घ्या आणि दिवा डोळ्यांच्या रेषेपासून हातभर लांब, बाजूला धरा. डोक्यावर दिवा बांधून गढूळ पाण्यात उतरणाऱ्यांचं मला कोडं वाटतं. वर जो समोर येईल त्याच्या डोळ्यांत झोत जातो ते वेगळंच.

अवांतर: एलईडीमुळे एक नवीनच छंद हाती लागलाय. साधारण ४५० नॅनोमीटरचा निखळ निळा झोत आणि मास्कवर पिवळा फिल्टर. रात्री काही प्रवाळ त्यात हिरवे-नारिंगी पेटलेले दिसतात. हॅलोजनमध्ये निळा इतका कमी की गाळून हाती काही उरतच नाही. काका, एकदा बघाच, हॅलोजनचं दुःख विसराल.


टंगस्टनकाका

बघेन. पण दुःख राहील.


कातळ

मी एका वाक्यात धागा संपवायला निघालो होतो, आता माझीच गोष्ट सांगतो. मागे एक हातातला एलईडी घेतला, झगमगीत, आकडा मोठा. चौथ्या डाईव्हला आत पाणी. ओ-रिंगवर, म्हणजे झाकणाच्या रबरी कड्यावर, एक केस अडकला होता, एवढंच. हॅलोजनमध्ये असं झालं असतं तर बल्ब गेला असता, बॅटरी सुकवली असती. इथे आत लिथियम सेल आणि खारं पाणी. किनाऱ्यावर उघडायला गेलो तर झाकण फिरवताच फस्सकन वायू सुटला आणि झाकण हातातून उडालं. सुदैवाने चेहरा समोर नव्हता. सेल शॉर्ट होऊन आत दाब साठला होता.

तेव्हापासून नेम: दर वेळी ओ-रिंग काढून बोटाने चाचपायची, केस-वाळू बघायची, किंचित सिलिकॉन ग्रीस. दोन ओ-रिंग असलेलाच दिवा. आणि पाणी शिरलेला दिवा उघडताना तोंड लोकांपासून लांब, उघड्यावर, सावकाश.


सोल्डरराव

कातळ, हे पहिल्याच प्रतिसादात लिहायचं होतंस ना!

खोलपाणी, तुमच्या मूळ प्रश्नावर माझं मत. कॅनिस्टर टाकू नका. त्यावर एलईडी हेड बसवा, पण आधी हेडच्या ड्रायव्हरची व्होल्टेजची मर्यादा बॅटरीशी जुळते का बघा. केबलला पाण्यात जोडता-सोडता येणारा ई-ओ कनेक्टर असेल तर अर्धं काम झालंच. तुमचा एचआयडी बॅलास्टसकट पंचवीसेक वॅट खात होता. तेवढाच झोत आता निम्म्या वॅटला मिळेल, म्हणजे तीच बॅटरी दुप्पट चालेल.


खोलपाणी

सगळ्यांचे आभार. दोन आठवडे गायब होतो, कारण सोल्डररावांचा गृहपाठ करत होतो.

ओळखीच्या एका गुहावाल्याकडून एकाच चिपेचं अरुंद झोताचं एलईडी हेड उसनं आणलं. दुसऱ्याचा चालू स्थितीतला २१ वॅटचा एचआयडी मिळवला. रात्री दिवे बंद केलेल्या लांब तरणतलावात एका टोकाला आम्ही, दुसऱ्या टोकाला काळी पाटी. एलईडीचा ठिपका एचआयडीपेक्षा किंचित लहान आणि कडेला जास्त स्वच्छ. पाटीवरची अक्षरं दोन्हींत वाचता आली. बडीचा तो तिप्पट ल्युमेनवाला दिवा पुन्हा आणला होता. त्यात सगळा तलाव उजळला, पाटी तेवढी पुसट. बादली आणि पिचकारी, डोळ्यांनी पाहिली.

मग मुद्दाम एचआयडी बंद करून लगेच चालू केला. चालू होईना. काळोखात उभं राहून आम्ही दोघं मिनिटभर त्या काळ्या काचेकडे बघत बसलो. इतकी वर्षं हा दिवा घेऊन मी गुहेत शिरत होतो.

हेड मागवलंय. व्हिडिओचा दिवा पुढच्या हंगामात, रंगारीताईंना विचारून. फुटलेला बल्ब टेबलावरच आहे, टाकवत नाही.


टंगस्टनकाका

टाकू नका. माझ्याकडे हॅलोजनचे सात आहेत.